सुमनमावशीचा अर्ज

आबांनी स्टेशनजवळच्या मोठ्या बँकेतलं खातं बंद केलं ते पेपरातल्या एका फोटोमुळे. हायवेवर नवा बिअर बार निघाला होता. फोटोत फीत कापणारा मालक होता आणि त्याच्या शेजारी, गळ्यात हार घालून, आमच्या बँकेचे मॅनेजर उभे होते. खाली बँकेनं दिलेल्या कर्जाबद्दल जाहीर आभार मानले होते. आबा रोज सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचत. आई आत भाकरी थापता थापता ऐकत असे. त्या दिवशी वाचन मध्येच थांबलं. भाकरीवरचा हातही थांबला असावा, कारण थापण्याचा आवाज बंद झाला. आबांनी पेपराची घडी घातली, चष्मा खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "शालू, दुपारी माझ्याबरोबर चल. खात्यावर तुझंही नाव आहे."

आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहत होतो. एका ओळीत सहा खोल्या, पुढे सामाईक ओटा, मागे सामाईक नळ. आबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घर महानुभाव पंथाचं. आजोबा उपदेश घेऊन पंथात आले होते, पुढे आबांनीही तो घेतला. आमच्या भिंतीवर इतरांसारख्या देवादिकांच्या तसबिरी नव्हत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'दंडवत प्रणाम' म्हणायचं, पाणी गाळून प्यायचं, केर काढताना मुंगी चिरडू द्यायची नाही, हे मला श्वास घेण्याइतकं सहज होतं. आबा कडक होते असं लोक म्हणत. मला ते कधी कडक वाटले नाहीत. आवाज चढवलेला मी ऐकला नाही. फक्त एकदा एखादी गोष्ट चूक आहे असं ठरलं की ते तिच्याकडे वळूनही पाहत नसत.

बँकेत मॅनेजरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. आबांनी चहा घेतला नाही. मॅनेजर समजुतीनं म्हणाले, "गुरुजी, इथं हजार लोकांचे पैसे एकत्र होतात. तुमची नोट कुठली आणि बारवाल्याला गेली ती कुठली, आम्हालाही सांगता येणार नाही."

"मलाही सांगता येणार नाही," आबा म्हणाले. "म्हणूनच इथं ठेवायची नाही."

मी चौदा-पंधरा वर्षांची होते. त्या वाक्यानं माझी मान इतकी ताठ झाली की सायकलच्या कॅरिअरवर बसून घरी येताना मला रस्त्यावरचे सगळे लोक आपल्यापेक्षा जरा खालचे वाटत होते. घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "आते कोठे ठेवशात पैसा?" आई धुळ्याकडच्या खेड्यातली. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिनं आपली अहिराणी सोडली नव्हती. आबा पुस्तकी मराठीत बोलायचे आणि ती अहिराणीत उत्तर द्यायची; दोघांचं त्यात कधी अडलं नाही. पहूरकडच्या जमिनीतला आबांचा वाटा विकून आलेली ती रक्कम होती. त्यातून माझं कॉलेज व्हायचं होतं आणि जमलं तर स्वतःचं दोन खोल्यांचं घर.

दोन-तीन महिने पैसे आईच्या लोखंडी पेटीत राहिले. मग पंथातल्याच काही संसारी माणसांनी मिळून एक पतसंस्था काढली. पीठगिरणीच्या वर एक खोली भाड्यानं घेतली. खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची, टेबलावरचा पेन आपोआप सरकायचा, आणि नव्या पिठाचा गरम वास जिन्यातून वर यायचा. दारातच एक पांढरी पाटी होती. तिच्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं की मद्य, मांस, मासे, अंडी, तंबाखू आणि जुगार यांच्याशी संबंधित कोणत्याही धंद्याला इथून कर्ज मिळणार नाही. उद्घाटनाला आबा स्वच्छ धोतर नेसून गेले आणि पहिल्या दहा खातेदारांत त्यांचं नाव लागलं. त्यांना कर्ज समितीवरही घेतलं. तीन माणसांची समिती, मानधन नाही. आबांचं अक्षर थरथरायला लागलं होतं, म्हणून त्यांच्या टिपणांची चांगली प्रत रविवारी मी काढायची. आता इतक्या वर्षांनी, परवा माझा मुलगा पुण्याहून आला होता. मोबाइलवर मला दाखवत होता की गुंतवणुकीची आता अशीही योजना असते ज्यात दारू-तंबाखूच्या कंपन्या वगळलेल्या असतात. त्याला वाटलं आईला हे नवीन. मी नुसती मान हलवली.

आमच्यापासून चौथी खोली सुमनमावशीची. नात्यानं ती कुणीच नव्हती. मूळची पाचोऱ्याची. नवरा तेलगिरणीत होता, तो छातीच्या दुखण्यानं अचानक गेला आणि मागे ही आणि तिची मुलगी मीना. मीना माझ्याच वर्गात. सुमनमावशी मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला जायची. पहाटे जाऊन दुपारी यायची, संध्याकाळी पुन्हा. दुपारच्या मधल्या वेळात ती आमच्या आईजवळ बसून तूर निवडायची, शेंगा सोलायची. तिच्या हाताला चव होती. तिचे तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी खाऊन आबा एकदा म्हणाले होते, "सुमनबाई, तुम्ही डाळीवर उपकार करता." ती तोंडाला पदर लावून हसली होती. आबांना ती फार मानायची. पतसंस्था निघाली तेव्हा तिनं आपणहून रोजच्या बचतीचं खातं उघडलं. बचत गोळा करणारा माणूस संध्याकाळी ओट्यावर आला की ती कनवटीचे पैसे काढून द्यायची आणि म्हणायची, "गुरुजींनी ठेवले ना, मग मला काही विचारायचं नाही."

दोन वर्षं तिनं असे पैसे टाकले. मग वसतिगृहाचं कंत्राट बदललं. नव्या कंत्राटदारानं स्वतःची माणसं आणली आणि सुमनमावशी घरी बसली. महिनाभर ती धुणीभांडी शोधत फिरली. एके दुपारी ती आमच्याकडे आली. आई नळावर होती, मी एकटीच पुस्तक घेऊन बसले होते. तिनं पदराखालून एक कोरा फुलस्केप कागद काढला.

"शालू, तुझं अक्षर चांगलं. मला कर्जाचा अर्ज लिहून दे."

एसटी वर्कशॉपच्या बाहेर एक हातगाडी विकायला होती, जागेसकट. आधीचा माणूस गावी परत जात होता. ती गाडी घेऊन तिथं धंदा करायचा तिचा विचार होता. मी नाव-पत्ता लिहिला, खाते क्रमांक लिहिला, आणि विचारलं, "कसली गाडी लिहू?"

"खाद्यपदार्थांची लिही."

"म्हणजे काय विकणार?"

"भुर्जी-पाव. आम्लेट. तिथं संध्याकाळी ड्रायव्हर-कंडक्टर तेच मागतात. शेवभाजीच्या तिथं चार गाड्या आहेत, पाचवीकडे कोण येईल?" मग तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "खाद्यपदार्थ लिहिलं तर खोटं नाही ना होत?"

"नाही," मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतंच. मी लिहिलं, वाळवलं, तिच्या हातात दिलं. तिनं कागद कपाळाला लावला आणि गेली.

समितीची बैठक रविवारी असायची. शनिवारी संध्याकाळी आबा आलेले अर्ज घरी आणून बघत. सुमनमावशीचा अर्ज हातात घेऊन ते समाधानानं म्हणाले, "हा मंजूर करण्यासारखा. एक दिवस हप्ता चुकवला नाही बाईनं." त्यांनी कागद बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. अक्षर माझं होतं, ते त्यांना दिसलंच. "खाद्यपदार्थ म्हणजे नक्की काय गं?"

मी ताक पीत होते. मला आजही त्या स्टीलच्या पेल्याचा गारवा हाताला जाणवतो. मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'त्यांनाच विचारा' म्हणता आलं असतं. पण आबांनी विचारलं की खरं सांगायचं, हे घरात वेगळं शिकवावं लागलेलं नव्हतं. आणि शिवाय, हे मान्य करायला मला पुष्कळ वर्षं लागली, आपण किती खरं बोलतो हे आबांना दिसावं असंही मला वाटत होतं. मी म्हणाले, "अंड्यांची गाडी आहे."

आबा उठले, चपला घालून ओट्यावरून चालत चौथ्या खोलीकडे गेले. बैठकीत परस्पर नामंजूर करून दुसऱ्या कुणाकडून कळवणं त्यांना जमलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. मी आमच्या दारात उभी राहिले. मीना तिच्या दारात चिमणीची काच पुसत होती.

"सुमनबाई," आबा म्हणाले, "अर्ज मंजूर होणार नाही. संस्थेचा नियम आहे. दुसरा काही धंदा लिहा, मी स्वतः शब्द टाकतो."

सुमनमावशी बाहेर आली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "गुरुजी, दुसरं मला करता येत नाही असं नाही. पण ते तिथं विकलं जाणार नाही."

"शेवभाजी करा. तुमच्या हातची लोक शोधत येतील."

"लोक यायला वर्ष लागेल. मला या महिन्याचं भाडं द्यायचंय."

"मी नियम मोडू शकत नाही, बाई. मी एकट्यानं केलेला नाही तो."

ती थोडा वेळ आबांच्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, "वसतिगृहात दर रविवारी कोंबडी असायची, गुरुजी. बुधवारी अंडी. सगळं माझ्या हातानं. त्याचाच पगार मी तुमच्या संस्थेत दोन वर्षं टाकला. तेव्हा पैसे घेताना कुणी विचारलं नाही."

आबा तसेच मागे वळले आणि घरात आले. पाटावर बसले, पण जेवले नाहीत. आईनं ताट उचललं नाही, वाढलंही नाही. ती चुलीपाशीच बसून म्हणाली, "तिले एक पोर शे. ती बाई आते काय करी?" आबांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "बठ्ठा नियम तिलेच का?" सगळे नियम तिलाच का, असं आईनं विचारलं. आबांना हे कुणी सांगितलं असेल, असा प्रश्न आईनं मला विचारला नाही. ती फक्त माझ्याकडे एकदा बघून पुन्हा चुलीकडे वळली.

पंधरा दिवसांत सुमनमावशीनं आपली बचत काढून घेतली. सुरतेला तिचा एक चुलतभाऊ होता, तिथं साड्यांना खडे आणि टिकल्या लावायचं काम बायकांना मिळतं असं त्यानं कळवलं होतं. मीनाचं नाव कॉलेजातून कमी झालं. निघायच्या दिवशी सुमनमावशीनं आईला उरलेला मसाला बरणीतून काढून दिला, मला जवळ घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मीना सामानाच्या गाठोड्यावर बसली होती. ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, गाव सुटतंय म्हणून. आबा त्या दिवशी शाळेतून उशिरा आले. मुद्दाम आले असावेत.

त्यानंतर आमच्या घरातला आवाज कमी झाला. आबा पेपर मनात वाचायला लागले. समितीच्या बैठकीला जात, पण टिपणं मला देत नसत. एका रविवारी ते आश्रमात महंत बाबांकडे गेले, मला सोबत घेऊन. बाबा खूप म्हातारे होते, अंथरुणावर उशीला टेकून बसलेले. आबांनी सगळं सांगितलं, स्वतःचा बचाव न करता. शेवटी विचारलं, "बाबा, माझं चुकलं का?"

बाबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी विचारलं, "अंडं खाऊ नये हा नियम तुमच्यासाठी आहे ना?"

"हो."

"त्या बाईनं उपदेश घेतलेला होता?"

"नाही."

"मग तो तिच्यावर कुणी घातला?" बाबा म्हणाले, "धर्म पाळायचा तो आपल्या ताटात. तुम्ही तिचं ताट ओढलंत." एवढं बोलून ते दमले आणि शिष्यानं आम्हाला उठायची खूण केली. परत येताना आबा सायकल हातात धरून सगळी वाट चालले. मी कॅरिअरवर बसले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आबांनी संस्थेतून आपली काही रक्कम काढली आणि आम्ही दोघं पॅसेंजरनं सुरतेला गेलो. आईनं फराळाचा डबा दिला होता, त्यात मीनाला आवडणाऱ्या करंज्या जास्त. चुलतभावाचा पत्ता शोधायला दुपार झाली. एका अरुंद गल्लीत, लोखंडी जिन्यानं चढून, वर पत्र्याची खोली. आत पाच-सहा बायका खाली मान घालून बसलेल्या, मधोमध पसरलेली एक गुलाबी साडी, आणि डिंकाचा असा उग्र वास की डोळ्यांत पाणी यावं. सुमनमावशी एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा उतरला होता, आणि बोलताना मध्ये मध्ये खोकत होती. आम्हाला पाहून ती लगबगीनं उठली, शेजारून पाण्याचा तांब्या आणला.

आबा उभ्यानंच म्हणाले, "सुमनबाई, मी चुकलो. हे माझे स्वतःचे पैसे आहेत, संस्थेचे नाहीत. जळगावला चला. गाडी घ्या, तुम्हाला हवं ते विका."

तिनं पैशांकडे पाहिलं नाही. "ती जागा तेव्हाच गेली, गुरुजी. दुसऱ्यानं घेतली. आणि मीनाचं इथं ठरलंय. माघात लग्न आहे." मग आबांचा चेहरा बघून तिनंच त्यांची समजूत काढली, "तुम्ही एवढ्या लांब आलात, पुष्कळ झालं."

मीना सतरा वर्षांची होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं काम थांबवलं नाही. काडीनं डिंकाचा थेंब ठेवायची, त्यावर खडा, बोटानं दाब, पुढचा थेंब. तिची बोटं चिकटून सोलली होती. मी करंज्यांचा डबा पुढे केला. तिनं वर न बघता, अगदी हळू, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "तू सांगितलंस ना?"

"हो."

"मला तेव्हाच कळलं. आईला वाटतं संस्थेतल्या कुणीतरी चौकशी केली." तिनं आणखी एक खडा लावला. "मी तिला सांगितलं नाही. तिला तू फार आवडतेस."

परतीच्या गाडीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. नंदुरबार गेल्यावर, बाहेर कापसाची शेतं सुरू झाल्यावर, ते म्हणाले, "त्या पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." मग बऱ्याच वेळानं, "मी तुला विचारायला नको होतं. तुझ्यावर ते यायला नको होतं." मी त्यांना मीनाचं बोलणं सांगायला हवं होतं. ती तुमच्यावर नाही, माझ्यावर रागावली आहे, एवढं तरी. मी डब्याच्या झाकणावरचं बोट काढलं नाही आणि गप्प बसले. आबा पुढे अठरा वर्षं जगले. मी कधीच सांगितलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात आईच्या नावानं पोस्टकार्ड आलं. मीनाचं अक्षर. 'आई गेली, खोकला वाढला होता, इथेच सगळं केलं,' एवढंच तिनं लिहिलं होतं. पत्ता नव्हता. माझ्या आईनं ते आबांच्या हातात दिलं आणि आत जाऊन मोठ्यानं रडली. आबा दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत गेले, समितीचा राजीनामा दिला, उरलेले पैसे काढले आणि पोस्टात टाकले. संस्था वाईट नव्हती. तिथं कुणी कुणाला फसवलं नाही. आबांनीही शेवटपर्यंत तिच्याबद्दल वावगा शब्द काढला नाही. पोस्ट का, असं आईनं विचारलं, तर म्हणाले, "तिथं मला कुणी समितीवर घेणार नाही."

"सरकार काय दारूनं दुकान बंद करस का?" आई म्हणाली.

"नाही करत," आबा म्हणाले. त्यापुढे आमच्या घरात या विषयावर बोलणं झालं नाही.

माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले, देवपूरच्या शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. पेन्शन ज्या बँकेत येतं त्याच बँकेत मी पैसे ठेवते. ती कुणाला कर्ज देते आणि कुणाला नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. अंडं मी आजही खात नाही. पण शाळेत दुपारच्या आहारात मुलांना अंडी द्यायचं ठरलं तेव्हा माझ्याच वर्गातल्या मुलांच्या ताटात मी ती स्वतः सोलून ठेवली. दोन ओळखीच्या पंथबंधूंनी त्यावरून बोलणं सोडलं. त्यांचं मला वाईट वाटतं. त्यांचं चुकलं असं म्हणण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला सुरतेला गेले होते, तेव्हा मी रिक्षा करून त्या गल्लीत गेले. लोखंडी जिना नव्हता, पत्र्याच्या खोल्या पाडून तिथं चार मजली इमारत झाली होती. खाली एका झेरॉक्सच्या दुकानात विचारलं. दुकानदार पोरगेलाच होता; कौन मीना, म्हणाला. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या दळणवाल्याला खडेकाम करणाऱ्या बायका आठवत होत्या, पण नावं नाहीत. तरी मी एका कागदावर माझं नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, खाली मोबाइल नंबर, आणि तो त्याच्याकडे देऊन ठेवला. जळगावकडची कुणी मीना कधी आली तर द्या, म्हटलं. त्यानं तो गल्ल्याच्या काचेखाली सरकवला.

तेव्हापासून अनोळखी नंबरवरून फोन आला की मी उचलते. मुलगा ओरडतो, उचलत जाऊ नकोस, फसवणारे असतात. मी तरी उचलते. पलीकडे बहुतेक वेळा एखादी तरुण मुलगी असते, कुठल्यातरी बँकेतून बोलत असते. "मॅडम, तुम्हाला कर्ज हवंय का?" ती विचारते. मी तिचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकते, आवाज ओळखीचा निघतो का ते बघते, आणि मग नको म्हणून सांगते.